पिवळा बर्च: लाकूड दमदार, स्टेन मात्र जपून

'बर्च' म्हणून विकली जाणारी फळी नक्की कोणत्या झाडाची, हे बिलावर क्वचितच लिहिलेलं असतं. म्हणून शास्त्रीय नावानेच विचारावं. पिवळा बर्च म्हणजे बेट्युला अ‍ॅलेघेनिएन्सिस (जुन्या याद्यांत बेट्युला ल्युटिया); क्युबेकपासून ॲपलाचियन डोंगरांपर्यंत वाढणारा. कागदासारखी साल सुटणारा तो बेट्युला पॅपिरिफेरा. जांका कठीणपणा (छोटी पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतवायला लागणारा जोर) पहिल्याचा १,२६० पौंड, दुसऱ्याचा ९१०. टेबलटॉपला किंवा जिन्याच्या पायरीला हा फरक चांगलाच जाणवतो.

'रेड बर्च' आणि 'व्हाइट बर्च' ही नावं आणखी घोळ घालतात. लाकडाच्या व्यापारात रेड म्हणजे तांबूस गाभा, व्हाइट म्हणजे बाहेरचा फिकट भाग. दोन्ही एकाच ओंडक्यातून निघतात. त्यात पॅपिरिफेरालाही व्हाइट बर्च म्हणतात! वासावरून ओळखायला जाऊ नका. विंटरग्रीनचा वास कोवळ्या डहाळीला येतो, सुकलेल्या फळीला नाही.

कामाला लाकूड उत्तम. बारीक पोत, स्क्रूची पकड घट्ट; फक्त कडेजवळ आधी भोक पाडून घ्यावं, नाहीतर फळी चिरते. लहरी रेषेच्या फळीवर रंधा खपल्या उडवतो. तिथे पातं धारदार हवं आणि एका फेरीत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त काढू नये.

खरी डोकेदुखी स्टेनची, म्हणजे लाकडात मुरणाऱ्या रंगाची. लाकूड रंग सगळीकडे सारखा पीत नाही, रेषा जिथे वळते तिथे जास्त शोषतं आणि गडद डाग पडतात. घासून ते जात नाहीत. १५० ते १८० नंबरच्या पॉलिशपेपरपर्यंत घासल्यावर मेण काढलेल्या चपड्याचा (शेलॅकचा) पातळ हात द्यावा, लिटरभर स्पिरिटला साधारण १२० ग्रॅम. वाळला की हलकं घासून जेल स्टेन, म्हणजे घट्टसर स्टेन. आधी त्याच फळीच्या तुकड्यावर करून बघावं. मूळ फिकट रंगच हवा असेल तर पाण्यातलं पारदर्शक वॉर्निश. तेलाने पिवळेपणा चढतो.

ओलावा मोजल्याशिवाय घेऊ नये. आडव्या कापाची ३० सेंटिमीटर रुंद फळी १२ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आली की जवळपास ४ मिलिमीटर आकसते. त्यामुळे टेबलटॉप चौकटीला पक्का खिळू नये, सरकत्या क्लिपा लावाव्यात.

घरातल्या फर्निचरला पाचपैकी चार. उघड्यावर शून्य, कारण ओल लागली की हे लाकूड लवकर कुजतं.