जुनी किल्ली अजूनही लागते : कुलपाच्या ‘पिना बदलण्याचे’ 7,499 रुपये

ज्यांनी अलीकडे घरी माणूस बोलावून मुख्य दाराच्या कुलपाच्या पिना (जुनी किल्ली चालू नये म्हणून बदलायचे कुलपातले बारीक तुकडे) बदलून घेतल्या असतील, त्यांनी आधी जुनी किल्ली शोधावी, दार उघडे ठेवून ती त्या कुलपात फिरवून पाहावी आणि मगच पुढे वाचावे. आमच्याकडे ती फिरली. त्यासाठी मी 7,499 रुपये मोजले होते.

आईच्या देखभालीसाठी एका संस्थेमार्फत आलेल्या बाई अचानक काम सोडून गेल्या आणि त्यांच्याकडची किल्ली परत आली नाही. बाईंबद्दल माझी काहीही तक्रार नव्हती आणि आजही नाही. पण घराची एक किल्ली कोठे आहे हे ठाऊक नसताना रात्री स्वस्थ झोप लागत नाही. दाराचे मॉर्टिस लॉक, म्हणजे दाराच्या कडेत खाच पाडून बसवलेले कुलूप, चांगल्या कंपनीचे होते, ते सगळे उखडून नवे बसवायचे तर दाराला पुन्हा खाचा पाडाव्या लागतील असे वाटले, म्हणून केवळ पिना बदलून घेण्याचे ठरवले. इंटरनेटवर ‘जवळचा किल्लीवाला’ असे शोधले. कोथरूडचा पत्ता, भरपूर तारे, फोनवर गोड बोलणारी मुलगी आणि 249 रुपये भेट-शुल्क. हा सापळा कसा लावतात हे आता सगळ्यांनाच माहीत असल्यामुळे त्यात अधिक शब्द खर्च करत नाही. तो पत्ता एका भाजीच्या दुकानाचा निघाला, एवढे सांगितले की पुरे.

आलेला तरुण नीटनेटका होता, ‘काका, काका’ म्हणत होता. दाराच्या कडेचा एक स्क्रू काढून, किल्ली किंचित फिरवून त्याने सिलिंडर, म्हणजे कुलपाचा किल्ली घालायचा भाग, दोन मिनिटांत बाहेर ओढला आणि जिन्याजवळ वर्तमानपत्र पसरून बसला. मी शेजारीच खुर्ची घेऊन बसलो होतो. हे मुद्दाम नमूद करतो, कारण ‘तुम्ही लक्ष द्यायला हवे होते’ हे वाक्य मला घरच्यांकडून, शेजाऱ्यांकडून आणि शेवटी पोलीस ठाण्यातूनही ऐकावे लागले आहे. मी लक्ष दिले होते. त्याने सिलिंडरमधून काढलेल्या बारीक पितळी पिना वर्तमानपत्रावर पडताना मी पाहिल्या. मात्र नव्या पिनांची पुडी, डबी, पाकीट असे काहीही त्याने कधी उघडलेच नाही, आणि हे मी पाहूनही माझ्या ध्यानात आले नाही, याची चीड अजून जात नाही. माझी सारी नोकरी लेखापरीक्षणात गेली. माल खरेदी झालाच नाही आणि खर्ची मात्र पडला, असल्या नोंदी शोधून काढण्याचाच मला पगार मिळत होता.

त्याहूनही वाईट क्षण पुढे आला. काम झाल्यावर मी स्वतःहून जुनी किल्ली हातात घेतली आणि म्हणालो, ‘ही आता लागत नाही ना, एकदा पाहू.’ तो पटकन म्हणाला, ‘नको काका, जुनी किल्ली घातली तर नव्या पिना वाकतील आणि वॉरंटी जाईल.’ आणि माझ्या हातातून ती किल्ली घेऊन, टेबलावरच्या आणखी दोन जुन्या किल्ल्यांसह, ‘आता या भंगारच’ असे म्हणत त्याने आपल्या पिशवीत टाकली. वर ‘पॅटर्नची नोंद’ म्हणून नव्या किल्ल्यांचा फोटोही मोबाइलवर काढला. चुकीची किल्ली घातली तर ती फक्त फिरत नाही, तिने पिना वाकत नाहीत, हे मला तेव्हा कसे ठाऊक असणार? डॉक्टरने सांगितलेले औषध आपण ज्या विश्वासाने घेतो, त्याच विश्वासाने कारागिराचे म्हणणे ऐकले जाते. मी विचारले होते, आणि त्याने मला थांबवले. यापेक्षा अधिक सावध माणूस कोणी असेल तर त्याने मला भेटावे.

हिशोब असा : भेट-शुल्क 249, पिना दहा, प्रत्येकी 450 प्रमाणे 4,500 (सिलिंडर दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारा असल्यामुळे पाच आत आणि पाच बाहेर), नव्या किल्ल्या तीन, प्रत्येकी 600 प्रमाणे 1,800, आणि ‘सिक्युरिटी कोटिंग’ 950. एकूण 7,499. कोटिंग म्हणजे फवारणीच्या डब्यातले वंगण होते, हे नंतर समजले. पक्के बिल हवे असल्यास 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 1,350 रुपये लागतील, असे सांगून त्याने एक व्यक्तिगत क्यूआर कोड पुढे केला. मी बिल घेतले नाही. ज्यांना यावर हसायचे असेल त्यांनी हसावे. साडेसात हजार गेल्यावर आणखी साडेतेराशे वाचवावेसे वाटणे हा काही गुन्हा नव्हे.

प्रकार उघडकीस आला तो धाकट्या भावामुळे. तो ठाण्याहून दुपारी न कळवता आला, आमची झोपमोड नको म्हणून बेल न वाजवता जवळच्या जुन्या किल्लीने दार उघडून आत आला आणि सोफ्यावर पेपर वाचत बसला. त्याला कुलूप ‘बदलल्याचे’ ठाऊकच नव्हते. मी उठून बाहेर आलो तेव्हा त्याला पाहून आनंद व्हावा की धडकी भरावी, हेच मला कळेना.

मग मी सिलिंडर काढून रविवार पेठेत बोहरी आळीतल्या एका जुन्या हार्डवेअर दुकानदाराकडे नेला. त्याने तो उघडून दाखवला. या कुलपांत किल्लीच्या खाचा निरनिराळ्या उंचीच्या पिनांना उचलून एका रेषेत आणतात, आणि सर्व पिना त्या रेषेत आल्या तरच आतला गाभा फिरतो. पिना बदलणे म्हणजे किल्लीला टेकणाऱ्या पिना काढून नव्या किल्लीच्या खाचांना जुळणाऱ्या दुसऱ्या बसवणे. आमच्या सिलिंडरच्या बाहेरच्या बाजूच्या पाच घरांपैकी तीन घरे रिकामी होती. राहिलेल्या दोन पिनांच्या जागी नव्या किल्लीच्या खाचा जुनीसारख्याच कापलेल्या होत्या, त्यामुळे नवी किल्लीही चालत होती आणि जुनीही. शिवाय त्याच जातीची, त्या दोन जागी जुळणारी कोणतीही तिसरी किल्ली चालली असती. म्हणजे मी पैसे देऊन कुलूप होते त्यापेक्षा कमकुवत करून घेतले होते, आणि जुन्या किल्ल्या, नव्या किल्ल्यांचा फोटो व घराचा पत्ता हे तिन्ही एका अनोळखी माणसाकडे आपल्या हाताने सोपवले होते. फोटोवरून किल्ली कापता येते, हेही त्याच दुकानदाराने सांगितले. किल्लीवर कोरलेला क्रमांक असेल तर तोही कोणाला दाखवू नये.

पूर्ण नवा सिलिंडर मला तेथे पक्क्या बिलासह 1,180 रुपयांना मिळाला. लांबी मिलिमीटरमध्ये मोजून न्यावी लागते, एवढीच काळजी. बसवायला तो एकच स्क्रू. जो खर्च 1,180 मध्ये भागला असता, त्यासाठी एकूण 8,679 रुपये गेले. म्हणून सांगतो, पिना बदलण्याच्या भानगडीत पडू नका, सिलिंडरच बदला. बदलूनच घ्यायच्या असतील तर काढलेल्या पिना मागून घ्या, जुन्या किल्ल्या एकही बाहेर जाऊ देऊ नका, आणि पैसे देण्यापूर्वी जुनी किल्ली लावून पाहा, कारागीर कितीही ‘नको नको’ म्हणाला तरी.

आता अधिकाऱ्यांविषयी. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, ‘चोरी झाली का?’ नाही म्हटल्यावर हवालदारांच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव आला तो मी विसरणार नाही. चोरी होण्याची सोय झाली आहे, असे मी म्हणालो, तर ‘झाल्यावर या’ असे उत्तर मिळाले. नंतर ‘हा दिवाणी वाद आहे’ असे सांगण्यात आले. खोटे सांगून पैसे काढून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) खाली सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा दखलपात्र गुन्हा आहे, हे मी छापील कागद दाखवून सांगितले, तेव्हा साहेब जेवायला गेले आहेत असे कळले. मग ‘नंबर ऑनलाइन मिळाला ना, मग सायबरला जा’. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर सांगण्यात आले की पैसे तुम्ही स्वतः समोर बसून दिले, खाते हॅक झालेले नाही. बँकेने ‘ग्राहकाने अधिकृत केलेला व्यवहार’ या चार शब्दांत प्रकरण मिटवले. तो क्यूआर कोड कोणाच्या खात्याचा आहे हे बँकेला दिसते, पण ते मला सांगता येत नाही म्हणे. ग्राहक हेल्पलाइन 1915 वरील बाई सौजन्याने बोलल्या. परंतु विक्रेत्याचे नाव आणि पत्ता द्या म्हणाल्या. नाव माहीत नाही आणि पत्ता भाजीच्या दुकानाचा आहे. ज्या संकेतस्थळावर तो क्रमांक होता, त्यांनी ‘आम्ही केवळ माहिती दाखवतो’ असे कळवले आणि ती जाहिरात काढून टाकली. त्याच छायाचित्रांसह, निराळ्या नावाने ती आता पुन्हा दिसते आहे. फसवणाऱ्याचा पत्ता शोधून आणणे हेही फसलेल्यानेच करायचे असेल, तर या सगळ्या खिडक्या उघड्या तरी कशासाठी ठेवल्या आहेत? पोलीस ठाण्यात मला ‘काका, वयानुसार होते असे’ म्हणणाऱ्या तरुण उपनिरीक्षकाला तरी याचे उत्तर ठाऊक असावे अशी अपेक्षा होती.

पोलीस ठाण्यात नोंद नाकारली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) नुसार तक्रार लेखी स्वरूपात टपालाने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे पाठवता येते. मी तशी पाठवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे स्क्रीनशॉट, यूपीआयची नोंद आणि तो पोकळ सिलिंडर मी पाकिटात घालून जपला आहे. तुम्हीही तो फेकू नका.

राहिली एक गोष्ट, जी लिहिताना हात जड होतो. काम झाल्याच्या संध्याकाळीच मी त्या तरुणाचा क्रमांक ‘उत्तम आणि तत्पर सेवा’ अशा शेऱ्यासह सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला होता. दोन बिऱ्हाडांनी त्याला बोलावले. एकाने 6,300 रुपये दिले, दुसऱ्याने आकडा सांगितला नाही. दोघांच्या दारांवर मी उभा राहून जुन्या किल्ल्या लावून पाहिल्या, दोन्ही लागल्या. त्यांचे पैसे भरून देणे मला शक्य नाही आणि तशी माझी जबाबदारीही मी मानत नाही, असे मी स्पष्ट सांगितले. नवे सिलिंडर मात्र मीच आणले आणि एकाकडचे मीच बसवूनही दिले. तिसऱ्या मजल्यावरच्यांचे 70 मिलिमीटरचे होते आणि मी आणलेले त्या मापाचे नव्हते, ते बदलून आणण्यासाठी उद्या पुन्हा पेठेत जायचे आहे.