टेरेस घराच्या लाकडी जमिनीखाली वुडफायबर: एका हिवाळ्याचा अनुभव

इंग्लंडमधल्या व्हिक्टोरियन टेरेस घरांची (एकोणिसाव्या शतकातली, ओळीत एकमेकांना चिकटून बांधलेली घरं) तळमजल्याची जमीन म्हणजे आपल्या वाड्यांतल्या कडीपाटाची जवळची नातेवाईक. साधारण ४०० मिमीवर एकेक कडी, वर खिळ्यांनी ठोकलेल्या फळ्या, खाली वारा खेळणारी पोकळी. अशा १४ चौ.मी. खोलीच्या फळ्यांखाली नोव्हेंबरमध्ये १०० मिमी वुडफायबर, म्हणजे थंडी अडवणारं लाकडाच्या तंतूंचं मऊ इन्सुलेशन, भरलं. एप्रिलपर्यंत वापरून ठाम मत झालंय: इन्सुलेशन कोणतं यापेक्षा वारा कुठे अडवला याला जास्त महत्त्व आहे.

कागदावर पीआयआर बोर्ड, म्हणजे कडक फोमचा इन्सुलेशन बोर्ड, सरस दिसतो. पण शंभर वर्षांच्या कड्या सरळ नसतात. कडक बोर्ड बसवला की कडेला फटी राहतात आणि प्रत्येक फट फोमने भरत बसावी लागते. वुडफायबर दबतं. दोन कड्यांमध्ये ३५० मिमी जागा असेल तर ३६० मिमी कापा, दाबून बसवा.

फळ्या काढण्याआधी खडूने नंबर घाला. पहिली फळी कापताना करवतीची खोली फळीच्या जाडीएवढीच ठेवा, कारण हीटिंगचे पाइप अनेकदा कड्यांच्या खाचांतून लगेच खालून गेलेले असतात. मग वाफ बाहेर सोडणारं मेंब्रेन (पातळ पडदा) कड्यांवरून झोळीसारखं खाली सोडून स्टेपल करा. ते प्रत्येक कडीच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरतं, म्हणून क्षेत्रफळाच्या दीडपट लागतं. जोडांसकट इथे २५ चौ.मी. लागलं. वुडफायबर कडीच्या वरच्या कडेशी समतल हवं. वर पोकळी राहिली तर गार हवा तिथेच फिरते. त्यावर हवाबंद मेंब्रेन, जोडांना टेप, आणि कडा भिंतीवर चढवून स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीच्या) मागे चिकटवा.

चूक झाली ती इथेच. शेवटची कडी आणि भिंत यांच्यातली ४० मिमीची फट रिकामी राहिली होती. जानेवारीत भिंतीलगतचा पट्टा पायाला स्पष्ट गार लागायचा. स्कर्टिंगशी उदबत्ती धरली की धूर सरळ वर न जाता खोलीच्या आत वाकायचा. स्कर्टिंग काढून फट ठासून भरली, मेंब्रेन नीट चिकटवलं, तेव्हा कुठे धूर सरळ झाला. हे आधीच करा, दुप्पट काम वाचेल.

विजेच्या वायरींकडे दुर्लक्ष नको. कडीला मोकळी क्लिप केलेली २.५ चौ.मिमीची केबल २७ अँपिअर वाहते. चहूबाजूंनी इन्सुलेशनने वेढली की तिची क्षमता १३.५ वर, म्हणजे निम्म्यावर येते. आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.

पोकळी आता पूर्वीपेक्षा गार राहते, त्यामुळे भिंतीत शिरलेल्या कड्यांच्या टोकांना ओल धरण्याचा धोका वाढतो. काम सुरू करण्याआधी मॉइश्चर मीटरने टोकं तपासा. २० टक्क्यांच्या वर असतील तर आधी ओलीचं कारण शोधा. एअरब्रिक, म्हणजे पोकळीत हवा खेळावी म्हणून भिंतीत बसवलेल्या भोकांच्या विटा, मोकळ्या हव्यात: भिंतीच्या दर मीटरमागे १५०० चौ.मिमी, म्हणजे ४ मीटरच्या भिंतीला ६००० चौ.मिमी मोकळी जागा, आणि तीही समोरासमोरच्या दोन भिंतींत. मागे काँक्रीटच्या जमिनीचं एक्स्टेन्शन असेल तर जुन्या एअरब्रिक त्याखाली गाडल्या गेल्या नाहीत ना, हे बघाच.

फेब्रुवारीत टोकांचं माप १८ टक्क्यांच्या आत होतं. ते घेता आलं, कारण दोन फळ्या खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवल्या होत्या. त्यांच्याखालचं मेंब्रेन कापून परत टेप केलं की झालं.