"सेटअपसकट पिकअप" म्हणून गळ्यात मारलेली गाडी, काच सफाईवाल्यांनो वाचून घ्या

काच सफाईच्या लाईनमधे असाल आणि सेकंड हँड पिकअप शोधत असाल तर पाच मिनिटं काढून हे वाचा. कोणी जर "दादा गाडी सेटअपसकट आहे, टाकी, पंप, आरओ, शिडीचा कॅरिअर सगळं फिट, चावी फिरवा आणि धंदा चालू करा" असं सांगत असेल तर मग नक्कीच वाचा. एजंटचं नाव टाकत नाहीये कारण तक्रार दिलेली आहे आणि वकील म्हणाले आत्ता नाव घेऊन कुठे लिहू नका.

आमचं काम पुण्यात, बाणेर, हिंजवडी, खराडी साईडला. शोरूम, बंगले, छोट्या ऑफिस बिल्डिंगा, तीन चार मजल्यांपर्यंतचं. त्याच्या वरचं दोरावर लटकून काम करणाऱ्या रोपवाल्यांना देतो. आधी अ‍ॅक्टिव्हावर बकेट आणि स्क्वीजी घेऊन जायचो, शिडी किंवा घोडा (वर उभं राहायची फ्रेम) लागला तर दिवसाच्या भाड्याने टेम्पो. पण लांब पोलने (टोकाला ब्रश आणि पाणी येणारा दांडा, खालूनच काच धुवायचा) काम सुरू केल्यावर पाणी स्वतःचं न्यावं लागतं. खडकवासल्याचं पाणी तसं बरं, पण हिंजवडी-वाघोलीकडे बऱ्याच सोसायट्या बोअर आणि टँकरवर, ते पाणी पोलने काचेवर मारलं की वाळल्यावर पांढरे ठिपके, आणि पोलच्या कामात मागून वायपर मारायचा नसतो, पाणी तसंच वाळू द्यायचं असतं. म्हणून आरओ आणि डीआय (उरलेले क्षार काढणारा फिल्टर) लावून टीडीएस, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा आकडा, दहाच्या खाली आणलेलं पाणी लागतं, आणि ते वाहून न्यायला गाडी.

आता गाडी कुठली, तर छोटा हत्ती, सुपर कॅरी, दोस्त, बोलेरो पिकअप, सगळ्यांवर चर्चा झाली. बोलेरो पिकअप दणकट, मॉडेलप्रमाणे सव्वा-दीड टन आणि वर पासिंग (माल भरायची मंजूर मर्यादा), पण सोसायटीच्या आत वळवताना वॉचमन शिव्या घालतो आणि बजेटपण जातं. छोटा हत्ती कुठेही घुसतो, पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, पासिंग साधारण ७५० किलो. आमचा हिशोब पाचशे लिटरच्या टाकीचा होता, म्हणजे छोटा हत्ती बसत होता.

आणि तेवढ्यात ही जाहिरात दिसली. छोटा हत्ती, सिंगल ओनर, फक्त ३८ हजार किलोमीटर, हजार लिटरची टाकी, होज रील, पंप, आरओ, वर शिडीचा कॅरिअर, किंमत ३ लाख ४० हजार. नुसता सेटअप नवीन करायचा म्हटलं तरी लाखाच्या आसपास जातो, त्यामुळे भाव अगदी फुकटातला वाटत नव्हता पण चांगला वाटत होता. लै स्वस्त ठेवला असता तर संशय आला असता, ह्या लोकांना ते बरोबर कळतं.

बघायला गेलो तर माणसाने गाडी दाखवलीच नाही, सेटअप दाखवला. पहिल्यांदा पंप चालू केला, रील ओढून दाखवला, फाळका पाडून टाकीची फ्रेम दाखवली, मग स्वतःच खिशातून टीडीएस मीटर काढून पाणी ग्लासात घेऊन दाखवलं, मीटरवर ४. मी आणि माझा पोरगा दोघं एकमेकांकडे बघत राहिलो, ४ म्हणजे एक नंबर. गाडीखाली बघायला वाकलो तर "आत्ताच अँटीरस्ट मारलंय दादा, कपडे खराब होतील". खाली सगळं काळंकुट्ट चकचकीत. मी म्हटलं वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर चढवून बघू, तर म्हणे कोटिंग ओलं आहे, दोन दिवस पाणी मारायचं नाही. तरी टॉर्च मारून जेवढं दिसलं तेवढं बघितलं, ट्रायल घेतली, इंजिन ठीक होतं.

कागदपण बघितले. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला, इन्शुरन्स चालू, फिटनेस चालू, फायनान्सच्या रकान्यात कंपनीचं नाव. विचारलं, तर लगेच फाईलमधून फायनान्स कंपनीची एनओसी आणि लोन संपल्याचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ काढला, "लोन क्लिअर आहे, आरटीओत एचपी, म्हणजे आरसीवरची लोनची नोंद, उतरवायची राहिलीये, ते मीच करून देतो, ट्रान्सफरमधेच धरलंय". ओनर कुठे, तर गावाला, आई आजारी. मालकी ट्रान्सफरच्या फॉर्म २९, ३० वर त्याच्या सह्या आधीच घेतलेल्या. ओनरशी फोनवर बोलणं करून दिलं, तो पण म्हणाला "हो हो, एजंटला सगळं माहितीये, त्यांच्याशीच बोला". पैसे थोडे कॅश, बाकी एजंटच्या खात्यावर.

गाडी घरी आली आणि चार दिवसात टाकीतलं पाणी संपलं. सोसायटीच्या नळाचं पाणी भरलं, आरओ चालू केला, आउटलेटला मीटर लावलं तर आकडा नळाच्या पाण्याचाच. फिल्टर खराब असेल म्हणून मेम्ब्रेनचं (आरओची मुख्य गाळणी) हाऊसिंग पान्याने उघडलं. आत काहीच नाही. रिकामी नळी. एका बाजूने पाणी आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. मग दाखवताना ४ कसं आलं? ते सीटच्या मागे हात घातल्यावर कळलं, जॅकच्या खाली बॅटरीच्या पाण्याचे रिकामे कॅन कोंबलेले होते. डिस्टिल्ड वॉटर टाकीत ओतून आम्हाला डेमो दिला होता. आता आठवलं की हसू येतं, तेव्हा हात थरथरत होते.

तिथून मिस्त्रीकडे. त्याने गाडी रॅम्पवर घेतली आणि काळ्या कोटिंगवर नुसता जेट मारला तर पापुद्रे निघायला लागले. हौद्याच्या खाली, मागच्या कमानपाट्याच्या (स्प्रिंगच्या) थोडं पुढे, चासीला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, दोन्ही बाजूंनी पट्टी मारून वेल्डिंग. पाट्यात एक जास्तीचा पाटा घातलेला. मिस्त्री म्हणाला, हजार लिटर भरून पळवलीये ना, दुसरं काय होणार. हिशोब बघा, हजार लिटर पाणी म्हणजेच हजार किलो, त्यात टाकी, लोखंडी फ्रेम, पंप, शिड्या, आणि गाडी पास ७५० ला. शिवाय टाकी अर्धी असली की ब्रेक मारल्यावर पाणी पुढे आदळतं, आत आडवे पडदे नसतील तर दर ब्रेकला चासीवर दणका. म्हणजे जो सेटअप दाखवून गाडी विकली त्याच सेटअपने ती मोडली होती! आणि ओव्हरलोडचा दंड २० हजारापासून पुढे, प्रत्येक जास्तीच्या टनाला २ हजार वेगळे. शिडीच्या कॅरिअरचंपण तेच, माल नियमापेक्षा बाहेर आला तर कलम १९४(१ए) खाली २० हजार. त्या कॅरिअरवर शिडी लावली की टोक मागे हातभर बाहेर यायचं, ते आम्ही पहिल्याच दिवशी बांधून बघितलं तेव्हा दिसलं.

किलोमीटरचंपण तसंच. चासी नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो, तिथल्या पोराने कॉम्प्युटरवर बघून सांगितलं की शेवटच्या सर्व्हिसलाच रीडिंग लाखाच्या वर होतं.

इथपर्यंत मी म्हणत होतो की जाऊ दे, दुरुस्तीत पन्नास-साठ हजार घालू, गाडी तर आहे. खरा दणका आरटीओत बसला. ट्रान्सफरचं काम एजंट आज करतो उद्या करतो करत होता म्हणून मीच कागद घेऊन गेलो, तर एनओसी बोगस. फायनान्स कंपनीच्या ऑफिसात विचारलं, लोन नंबर बरोबर, नाव बरोबर, पण लोन चालू, हप्ते थकलेले आणि ते लेटर त्यांनी दिलेलंच नाही. एजंटचा फोन तोपर्यंत स्विच ऑफ.

मग मूळ ओनरला शोधून काढलं, आरसीवर पत्ता होताच. साधा माणूस, पाण्याच्या जारचा आणि टाक्या धुवायचा धंदा करायचा, तो धंदा बसला. त्या काकांची कहाणी अशी की हप्ते झेपेनात म्हणून गाडी एजंटला विकायला दिली, एजंट म्हणाला विकल्यावर त्याच पैशातून लोन भरतो, उरलेले तुम्हाला देतो, ह्या कोऱ्या फॉर्मवर सह्या करा. फोनवर मला "एजंटला सगळं माहितीये" म्हणाले ते ह्याच अर्थाने. एजंटने त्यांना काही दिलं नाही, लोन भरलं नाही, माझेपण खाल्ले. काका माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले, कारण गाडी कागदावर अजून त्यांच्या नावावर, अ‍ॅक्सिडेंट झाला तर जबाबदारी आरसीवर नाव असलेल्याची, सुप्रीम कोर्टाने २०१८ मधे हे स्पष्ट सांगितलेलं आहे.

आम्ही दोघं मिळून काय करायचं ठरवतोय तोवर फायनान्सचे सीझिंगवाले आले. साईटवर, काम चालू असताना, पोल काचेला लावलेला असताना. कागद दाखवले, मी माझे दाखवले, ते म्हणाले "भाऊ आमच्याकडे ऑर्डर आहे, तुमचं तुम्ही बघा". शिड्या आणि पोल उतरवून घेऊ दिले एवढीच माणुसकी. टाकीसकट गाडी यार्डात गेली. ज्या शोरूमचं काम चालू होतं त्यांनी पुढच्या महिन्यापासून दुसरा माणूस लावला, त्यांना काय बोलणार.

सेटअपवाली गाडी घ्यायचीच असेल तर दोन्हीचा भाव वेगळा मागा, मग बघा समोरच्याचा चेहरा. सेटअप उतरवून गाडी दाखव म्हणावं, चार बोल्ट असतात. आरसीवर ग्रॉस वेट (मालासकट जास्तीत जास्त वजन) आणि अनलेडन वेट (रिकाम्या गाडीचं वजन) दोन्ही लिहिलेलं असतं, वजाबाकी करा, त्यातून माणसं आणि सामान वजा करा, उरेल तेवढंच पाणी. खालून ताजं काळं कोटिंग असेल तर आधी धुवायचं, मग बोलायचं. टीडीएस मीटर आपला न्यायचा आणि पाणी नळाचं भरायला लावायचं. एनओसी कितीही चकचकीत असली तरी लोन नंबर घेऊन स्वतः फायनान्सच्या ब्रँचमधे जायचं, आणि लोन चालू असेल तर ओनरला सोबत घेऊन तेवढे पैसे थेट लोन खात्यात भरायचे, एजंटच्या हातात नाही. अजून एक गोष्ट जी मला नंतर वकिलांनी सांगितली आणि लाईनमधल्या कोणालाच माहिती नव्हती, १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या डीलरला आरटीओचं ऑथरायझेशन सर्टिफिकेट लागतं, फॉर्म २९बी, आणि ओनरने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी वर तशी नोंद करायची असते. आमच्या एजंटकडे ह्यातलं काहीच नव्हतं, होता तो फक्त बोर्ड आणि व्हिजिटिंग कार्ड.

चौकीत पहिल्यांदा "हा सिव्हिल मॅटर आहे" म्हणून परत पाठवलं. बोगस एनओसी आणि फायनान्स कंपनीचं "हे पत्र आमचं नाही" असं लेखी आणून दिल्यावर मात्र फसवणूक आणि बनावट कागदपत्र अशी तक्रार घेतली. ते लेखी मिळवायलाच सगळ्यात जास्त हेलपाटे झाले, पण त्याच्याशिवाय काही हलत नाही, त्यामुळे पहिल्यांदा तेच मिळवा. काकांनी वेगळी तक्रार दिली आहे. साहेब म्हणाले अजून कोणी फसलेलं असेल तर त्यांनापण यायला सांगा, एकापेक्षा जास्त तक्रारी असल्या की जोर येतो. तर पुणे-पिंपरी चिंचवड साईडला सेटअपवाला छोटा हत्ती, काळं कोटिंग आणि "ओनर गावाला आहे" हे तिन्ही एकाच ठिकाणी कोणी ऐकलं असेल तर मला मेसेज करा, चौकीचं नाव आणि तक्रारीची कॉपी पाठवतो.