फेंडर रोल करतो म्हणाले आणि लिपच कापून टाकली

ठाणे-नवी मुंबईत कुणी गाडीला रुंद अलॉय रिम बसवून फेंडर (चाकावरचा कमानीचा पत्रा) रोल करून घ्यायच्या विचारात असेल, तर गाडी गॅरेजमध्ये सोडण्याआधी हे वाचा.

माझ्या हॅचबॅकला 185/65 आर 15 टायर होते. ते काढून 205/55 आर 16, म्हणजे आधीपेक्षा रुंद, घातले. नव्या रिमचा ऑफसेट (रिमचा मध्य आणि बोल्ट बसतात तो भाग यांतलं अंतर) कमी, त्यामुळे चाक आणखी बाहेर आलं. मागे दोघं बसले की खड्ड्यात टायर फेंडरला घासायचा. यावर रोलिंग करतात. चाक काढून हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, रोलर बसवायचा, हीट गनने रंग मऊ करायचा आणि आत वळलेली पत्र्याची कड, म्हणजे लिप, हळूहळू दाबून चपटी करायची. घाई केली तर रंगाला तडे जातात. पत्रा कुठेच कापायचा नसतो.

तुर्भ्यातल्या एका गॅरेजवाल्याने हेच सगळं मला समजावलं, पुढच्या एका फेंडरवर रोलर फिरवूनही दाखवला. "दादा, मागचं आम्ही करून ठेवतो, तुम्ही कशाला ताटकळताय?" संध्याकाळी गाडी मिळाली, घासणं थांबलं होतं. पैसे चारही चाकांच्या रोलिंगचे घेतले, पावतीवर मात्र नुसतं 'डेंटिंग-पेंटिंग'.

पावसाळ्यात मागच्या कमानीवर रंगाला फुगे आले. कळव्यातल्या ओळखीच्या पेंटरकाकांनी लोहचुंबक लावला. दारावर तो घट्ट चिकटला, कमानीवरून घसरून खाली पडला. खरवडल्यावर आत जाड पुट्टी आणि तिच्याखाली ग्राइंडरने कापलेली धारदार कड. मागच्या दोन्ही चाकांना रोलर लागलाच नव्हता.

बाहेरचा आणि आतला पत्रा त्या लिपवरच स्पॉट वेल्डने जोडलेला असतो. लिपबरोबर वेल्ड गेले, फट उघडी पडली, पाणी शिरलं आणि गंज आतून वर चढला. पुढचं फेंडर बोल्टवर असतं, खराब झालं तर बदलता येतं. मागचं बॉडीचाच भाग आहे, ते कापून नवीन पत्रा वेल्ड करावा लागतो. पाच मिनिटं वाचवायला त्यांनी माझ्या गाडीचा सांगाडा कापला, याचा संताप अजून जात नाही. विचारायला गेलो तर म्हणे, "सगळे असंच करतात."

काम होताना चारही चाकांपाशी उभे राहा. नसेल जमत तर प्रत्येक चाक काढलेलं असतानाचे फोटो मागा. गाडी घेताना कमानीखालून बोट फिरवा, पण जपून: रोल केलेली कड गोल आणि दुमडलेली लागते, कापलेली हाताला टोचते. खिशात एक लहान चुंबक ठेवा. पावतीवर 'फेंडर रोलिंग, पत्रा न कापता' एवढं लिहून घ्या. लिहायला कुणी कां-कूं करत असेल तर गाडी तिथून हलवा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, मी तक्रार नोंदवली आहे. पेंटरकाकांनी पुट्टी काढताना घेतलेले फोटो सोबत जोडले आहेत.