जपानी तलवारीच्या साजाची सूची : बेळगावातील एका स्टुडिओचा अनुभव

सराफांच्या दागिन्यांचे आणि उद्यमबागेतील फाउंड्र्यांच्या सुट्या भागांचे कॅटलॉग करून देणारा एक स्टुडिओ बेळगावात, शहापूर भागात आहे. गेल्या वर्षी माझ्या संग्रहातील जपानी तलवारींच्या साजाची, म्हणजे मूठ-म्यानावरच्या धातूच्या सुट्या भागांची, सचित्र सूची मी त्यांच्याकडून करून घेतली. एकूण ५८ नग, प्रत्येकाची किमान दोन छायाचित्रे, माझा मजकूर, मराठी अक्षरजुळणी, पाच प्रतींची छपाई आणि कापडी बांधणी, असे ते काम होते. पुढे काही तक्रारीही येणार असल्यामुळे स्टुडिओचे नाव मी देत नाही. मात्र ज्यांच्या घरी जुनी नाणी, अडकित्ते, देवघरातील पितळी मूर्ती किंवा अशाच लहान धातूच्या वस्तूंचा साठा आहे आणि ज्यांना त्याची नीट नोंद करून ठेवायची आहे, त्यांना हा अनुभव उपयोगी पडेल असे वाटते.

संग्रहाची सुरुवात माझी नाही, आजोबांची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन राष्ट्रकुलाच्या कब्जा फौजेबरोबर जपानमध्ये गेली होती आणि आजोबा तिच्यात होते. परतताना त्यांनी सिगारेटच्या पत्र्याच्या डब्यातून सात वस्तू आणल्या, ज्यांना आमच्या घरात कित्येक वर्षे ‘वायसर’ म्हणत. त्या वायसरांना त्सुबा म्हणतात, पाते आणि मूठ यांच्या मध्ये बसणारी ती चकती हाताचे रक्षण करते, हे मला चाळिशीत कळले आणि तेव्हापासून उरलेले ५१ नग मी जमवले. त्यांत मुठीच्या दोन टोकांना बसणारी फुची आणि काशिरा, मुठीवरच्या गुंडाळीखाली जोडीने दडवलेली नक्षीची लेणी म्हणजे मेनुकी, म्यानाच्या खाचेत राहणाऱ्या छोट्या सुरीची मूठ म्हणजे कोझुका, असे बरेच काही आहे. हा साज इतका सुटा मिळतो याचे एक कारण १८७६ चा हुकूम आहे. त्या वर्षी जपानी सरकारने सामान्यांना तलवार बाळगून हिंडण्यास बंदी केली, साज घडवणाऱ्यांचे गिऱ्हाईक गेले आणि असंख्य तलवारींचे सामान उतरून बाजारात आले. कानो नात्सुओसारखा थोर कारागीर आधीच मेइजी सरकारच्या नाण्यांच्या कामाला लागलेला होता. सगळ्यांनाच तशी वाट सापडली असेल असे नाही.

आता स्टुडिओविषयी. पहिल्या दिवशी मी १२ नग घेऊन गेलो आणि संध्याकाळी पडद्यावर जे पाहिले त्याने निराश झालो. दागिन्यांचे काम करणाऱ्याला वस्तू चमकवण्याची सवय असते. पांढऱ्या अॅक्रिलिकच्या पाटावर, गोल दिव्याखाली काढलेल्या त्या चित्रांत लोखंडी त्सुबा रंग दिलेल्या पत्र्यासारख्या दिसत होत्या, आणि शाकुदोच्या फुचीचा काळा रंग राखाडी झाला होता. शाकुदो म्हणजे थोडेसे सोने मिसळलेले तांबे. मुळ्याच्या किसाचा रस लावून, मग तांब्याच्या क्षारांच्या पाण्यात उकळून त्याच्यावर जो निळसर काळा रंग चढवतात, त्यातच त्या धातूचे सारे सौंदर्य असते. तो रंगच गेला तर छायाचित्र काढले काय आणि न काढले काय, सारखेच.

मालकांचे मोठेपण असे की त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी मला स्टूल दिले, बसवून घेतले आणि काय दिसायला हवे ते विचारले. मी सांगितले की लोखंडाच्या काठावर गाठी असतात, काही घराण्यांच्या कामात त्या मुद्दाम राखलेल्या असतात, त्यांना तेक्कोत्सु म्हणजे लोखंडाची हाडे म्हणतात, आणि बोटाला लागणाऱ्या त्या गाठी डोळ्यालाही दिसल्या पाहिजेत. त्यांनी गोल दिवा बंद केला, एकच दिवा जवळजवळ टेबलाच्या पातळीवर आणला, समोरून पांढऱ्या कागदाचा उजेड परतवला, आणि हाडे दिसू लागली. शाकुदोसाठी उलट केले : दोन्ही दिव्यांपुढे ट्रेसिंग पेपर ताणून उजेड मऊ केला आणि पाट करड्या कागदाचा घेतला. नानाको म्हणजे माशाच्या अंड्यांसारखे टिंबांचे नक्षीकाम, त्यातला एकेक दाणा मोजता यावा इतका स्पष्ट आला. त्यानंतरच्या चार भेटींत मी प्रत्येक वेळी शेजारी बसलो. ज्यांना वेळ नाही त्यांनी हे काम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तुम्ही तिथे नसाल तर पुन्हा गोल दिवाच लागेल.

याच स्टुलावर बसलेलो असताना एक गोष्ट घडली, जिच्यासाठी मी या स्टुडिओला कुठल्याही जाणकारापेक्षा वरचा मान देईन. आजोबांच्या डब्यातील एक जाळीदार लोखंडी त्सुबा, जिला मी वीस वर्षे ओवारी या जपानी प्रांताच्या परंपरेतील समजत होतो, मालकांनी भिंगाखाली धरली आणि शांतपणे म्हणाले, “काका, हे ओतलेलं हाय की वो. ही बघा रेघ.” जाळीच्या भोकांच्या आतल्या भिंतींवर, बरोबर जाडीच्या मध्यावर, केसाएवढी एक उंच रेघ सर्वत्र फिरली होती. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे ती उरते. फाउंड्र्यांच्या ओतीव मालाची छायाचित्रे वर्षानुवर्षे काढणाऱ्याच्या नजरेतून ती सुटणार नव्हती. खरी जाळीदार त्सुबा घडीव लोखंडाच्या पत्र्यातून करवतीने आणि कानशीने कापलेली असते, तिच्या भोकांत अशी रेघ असण्याचे कारण नाही. मी घरी येऊन बोटावर तोलून दुसऱ्या त्सुबेने हलकेच टकटक केले, तर ती बद्द वाजली, आणि शेजारची घडीव त्सुबा घंटीसारखी वाजली. आजोबांना १९४६ साली जपानी बाजारात कुणीतरी फसवले होते तर! वाईट वाटले, आणि खरे सांगायचे तर थोडे हसूही आले.

इतकी नजर असलेल्या जागी तक्रार करायची म्हणजे संकोच होतो, पण करणे भाग आहे. तिसऱ्या भेटीनंतर मी चार नग रात्रभर तिथेच ठेवले. सकाळी पाहतो तो मदतनिसाने एका तांब्याच्या काशिराची कड चिंचेने घासून लखलखीत केली होती. त्याचा हेतू चांगला होता, घरचा तांब्या-गडू आपण असाच घासतो. परंतु या साजावरचा जुना रंग म्हणजे मळ नव्हे, तो कारागिराने मुद्दाम चढवलेला आणि काळाने पिकवलेला थर असतो, आणि चिंचेतल्या आम्लापुढे तो काही मिनिटे टिकतो. मालकांनी माफी मागितली, त्या नगाचे पैसे घेतले नाहीत, पण गेलेला रंग परत येण्यासारखा नव्हता. कुठलीही वस्तू तिथे रात्री ठेवू नका. ठेवावीच लागली तर ‘पुसू नये’ असे ठळक लिहून डब्यात चिठ्ठी टाका.

मजकुराची बाजू ही या सेवेची खरी दुबळी बाजू आहे. अक्षरजुळणी करणारे गृहस्थ कन्नडभाषक आहेत. त्यांचे मराठी मुद्रितशोधन माझ्यापेक्षा काटेकोर निघाले आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या माझ्याच अकरा चुका त्यांनी दाखवल्या. अडचण जपानी शब्दांची झाली. ‘त्सुबा’तील पहिला उच्चार आपल्या ‘चूक’मधल्या दंत्य च सारखाच असल्यामुळे मी कच्च्या प्रतीत काही ठिकाणी ‘चुबा’ लिहिले होते, ते त्यांनी ‘चहा’तल्या च ने वाचले आणि त्यांना ती वेगळीच वस्तू वाटली. शेवटी सर्वत्र ‘त्सुबा’ केले. त्याहून मजेची चूक ‘मिमी’ची. त्सुबेच्या काठाला जपानीत मिमी म्हणजे कान म्हणतात, आणि मी लिहिले होते, ‘मिमीची जाडी ५ मिमी’. त्यांनी द्विरुक्ती समजून पहिला मिमी काढून टाकला. परिणामी २६ नोंदींत जाडी कशाची, हेच कळेना. त्सुबेची जाडी दोन ठिकाणी मोजावी लागते, पात्याच्या छिद्राभोवतीच्या सपाट भागावर, म्हणजे सेप्पादाईवर, आणि काठावर, कारण या दोन आकड्यांतील फरकावरून काठ फुगीर आहे की उतरता, ते समजते आणि घराणे ओळखायला मदत होते. आता सूचीत सरळ ‘काठ’ असे छापले आहे आणि तेच बरे.

नऊ त्सुबा पहिल्या मुद्रितात उलट्या छापल्या गेल्या होत्या. मधल्या छिद्राचे निमुळते टोक वर ठेवायचे असते, कारण कताना म्हणजे लांब जपानी तलवार कमरेला लावताना धार वर असते. मग कोझुका आरपार जाण्यासाठीचे अर्धचंद्राकृती छिद्र दर्शनी बाजूने पाहताना डावीकडे येते आणि सही असल्यास ती सुलटी वाचता येते. हे स्टुडिओला ठाऊक असण्याची अपेक्षा मी ठेवत नाही, पण मी दिलेल्या कागदावर बाण काढलेले होते. सराफी सवयीचा आणखी एक नमुना म्हणजे त्यांनी नोंदी आपणहून किमतीच्या उतरत्या क्रमाने लावल्या, आणि ‘कोठून आले’ हा रकाना जागेसाठी गाळला. तो मी आग्रहाने परत घालून घेतला. कारागिराचे नाव आपण आज एक लिहू, उद्या कुणी जाणकार ते खोडेल. सही असलेल्या नगाचीही खात्री नसते, कारण खोट्या सह्यांचा धंदाही जुनाच आहे. म्हणून मी ‘सही आहे’, ‘सही नाही, परंपरेतील’ आणि ‘सही नाही, केवळ शैली’ असे तीन वेगळे शब्दप्रयोग ठरवले होते. तोक्योतील १९४८ साली स्थापन झालेल्या तलवार-जतन संस्थेची, निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाईची, प्रमाणपत्रे माझ्या तीनच नगांना आहेत, त्यांचे क्रमांक तेवढे वेगळ्या चौकटीत दिले. परंतु वस्तू कुणाकडून, कधी, कुठल्या डब्यात आली, हे फक्त मालकालाच ठाऊक असते आणि त्याच्यामागे कुणालाच नसते.

छपाई उत्तम आहे. काळ्या धातूंचे काळेपण कागदावर टिकले, ही सोपी गोष्ट नव्हे. बांधणी शिवलेली आहे, पान सपाट उघडते. वेळेच्या बाबतीत मात्र सवलत धरून चालावे : दीड महिना म्हटलेले काम साडेतीन महिन्यांनी मिळाले, कारण मध्ये गणपती आले, मग सराफांची दिवाळी आली. पावसाळ्यात हे काम काढूच नये. बेळगावच्या जुलैतील हवेत लोखंडी नग डब्याबाहेर दोन तास राहिला तरी दुसऱ्या दिवशी त्यावर तांबूस ठिपका दिसतो, आणि माझ्या एका नगावर तो दिसलाच. सुती कापडाने रोज थोडे थोडे चोळून तो महिन्याभरात काळवंडला.

दर नगामागे १८० रुपये छायाचित्रांचे, छपाई आणि बांधणी वेगळी. आजोबांची ओतीव त्सुबा मी सूचीतून काढली नाही. ती ४१ व्या क्रमांकावर आहे, आणि मालकांनी त्या नगाचे एक जास्तीचे छायाचित्र, आतल्या रेघेचे, पैसे न घेता काढून दिले.