मिनी, फियाट ५०० की न्यू बीटल? सेकंड हँड रेट्रो गाडी निवडताना

साध्या हॅचबॅकचं वय लांबून कळतं. दिव्यांचा आकार, बंपरची रेघ बघितली की जाणकार माणूस दोन-चार वर्षांच्या फरकाने अंदाज सांगतो. रेट्रो वळणाच्या, म्हणजे जुन्या गाजलेल्या गाडीचा चेहरा घेतलेल्या गाडीचं तसं होत नाही. २००८ ची फियाट ५०० आणि २०१४ ची फियाट ५०० शेजारी उभ्या केल्या, तर वर्षासाठी कागदच बघावे लागतात. मिनीची तीच गत. कंपनीने चेहरा मुद्दाम बदलला नाही, कारण लोक तो चेहरा बघूनच गाडी घेतात. पण बोनेटखालचं सगळं मधल्या काळात दोन-दोनदा बदललं. म्हणून एक मालक म्हणतो, 'दहा वर्षं झाली, काही त्रास नाही', आणि दुसरा तीच दिसणारी गाडी वैतागून विकून टाकतो. दोघंही खरं बोलत असतात. त्यांच्याकडे इंजिन वेगळं होतं, नाहीतर गिअरबॉक्स.

तेव्हा 'मिनी घेऊ की फियाट' या प्रश्नाआधी 'कोणत्या वर्षाची, कोणत्या इंजिनाची' हा प्रश्न येतो. इथे तीन गाड्या घेतल्या आहेत: बीएमडब्ल्यूच्या काळातली मिनी (२००१ पासून), फियाट ५०० (२००७ पासून) आणि फोक्सवॅगन न्यू बीटल (१९९७ पासून).

कपड्याखाली कोण आहे

न्यू बीटल म्हणजे आतून चौथ्या पिढीची गोल्फ. मूळ बीटलचं इंजिन मागे होतं, हिचं पुढे आहे. फियाट ५०० ही फियाटच्याच पांडा या गाडीच्या सांगाड्यावर उभी आहे. फोर्डची दुसऱ्या पिढीची 'का' (Ka) हीसुद्धा त्याच कुटुंबातली, पोलंडमधल्या टिखी इथल्या त्याच कारखान्यातली. याचा मालकाला थेट फायदा होतो. ब्रेक, बेअरिंग, सस्पेंशनचे बुश, इंजिनाचे सेन्सर हे सगळं साध्या, भरपूर खपलेल्या गाड्यांचंच असल्यामुळे सुटे भाग मिळतात आणि कुठल्याही बऱ्या मेकॅनिकचा हात त्यावर बसलेला असतो. मिनीच्या पहिल्या दोन पिढ्यांचा सांगाडा तिच्यासाठीच बनवलेला आहे. चालवताना तो फरक पहिल्या वळणावर जाणवतो, आणि बिल भरतानाही.

मिनी: चार इंजिनांची गोष्ट

मिनीवर जास्त वेळ घालवायला हवा, कारण सर्वांत सुंदर आणि सर्वांत महागात पडणारे अनुभव दोन्ही हिच्याच मालकांचे आहेत.

पहिली पिढी २००१ ते २००६. ओळखायची सोपी खूण अशी की बोनेट उघडलं की पुढचे गोल दिवे बोनेटबरोबर वर उचलले जातात. नंतरच्या पिढीत दिवे जागेवरच राहतात. या पहिल्या पिढीतलं १.६ लिटरचं इंजिन ब्राझीलमध्ये क्रायस्लर आणि बीएमडब्ल्यूच्या भागीदारीत बनलं. रांगडं आहे, पेट्रोल जरा जास्त पितं, पण टिकाऊ आहे. दुखणी त्याच्या आजूबाजूला आहेत. मिनीच्या साध्या 'कूपर' मॉडेलचा सुरुवातीचा पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स बेअरिंगमुळे बदनाम आहे; २००४ च्या मध्यापासून गेट्रागचा गिअरबॉक्स आला आणि तो त्रास बराच मिटला. पॉवर स्टिअरिंगचा पंप विजेवर चालतो, खाली असतो, आणि त्याला थंड ठेवणारा छोटा पंखा रस्त्यावरच्या कचऱ्याने अडकला की पंप तापून जातो. गाडी बघताना स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून कण्हण्याचा आवाज ऐका. थोडा असतोच, वाढता असेल तर समजून जा.

याच पिढीतली जास्त ताकदीची कूपर एस सुपरचार्जरवाली, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंप असलेली. तिच्या शिट्टीसारख्या आवाजावर माणसं जीव टाकतात, आणि मी त्यांना दोष देणार नाही. पण एक बारीक गोष्ट विकणारे सांगत नाहीत: या गाडीत पाण्याचा पंप सुपरचार्जरच्या दातांवरून फिरतो. सुपरचार्जरमधलं स्वतःचं थोडंसं तेल वर्षानुवर्षं कोणी बदलत नाही. ते आटलं की दात झिजतात, पंप फिरायचा थांबतो आणि इंजिन तापतं. जास्त पळालेल्या गाडीत हे काम झालंय का, हे पावतीवर बघायचं. झालं असेल तर ती गाडी इतरांपेक्षा चार पावलं पुढे.

दुसरी पिढी २००६ च्या अखेरीस आली. इंजिनं प्युजो-सित्रोएनबरोबर मिळून केलेली: हलकी, कमी पेट्रोल पिणारी, कागदावर सगळ्याच बाबतीत सरस. पण टर्बो असलेल्या पहिल्या कूपर एसचं इंजिन, ज्याला एन१४ म्हणतात, ते या सगळ्या लेखातलं सर्वांत सांभाळून घ्यायचं नाव. तेल खातं, तेलाची पातळी उतरली की टायमिंग चेन (झडपांची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी) ताणून धरणारा टेन्शनर ढिला पडतो, चेन खडखडते, तसंच पळवलं तर चेन दात सोडते आणि झडपा पिस्टनवर आदळतात. शिवाय उच्च दाबाचा इंधन पंप जातो, आणि इंधन थेट सिलिंडरमध्ये उडत असल्यामुळे आतल्या झडपांवर कार्बन बसतो. २०१० मध्ये त्याजागी एन१८ आलं. तेही साधुसंत नाही, थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं घर आणि पाण्याचा पंप तिथेही गळतो. पण चेनची धास्ती खूपच कमी. बाहेरून ओळखायचं तर मागचे दिवे बघा: एलईडी असतील तर बदलानंतरची गाडी. तरी कागदावर खात्री कराच, दिवे बदलून लावणारेही असतात.

एन१४ वाले काही मालक अगदी सुखात आहेत. त्यांच्याशी बोललं की एकच सवय सापडते: दर दुसऱ्या-तिसऱ्या टाकीला डिपस्टिक बघायची आणि कंपनीने सांगितलेल्या निम्म्या अंतरातच तेल बदलायचं. ही सवय तुमच्या अंगात नसेल तर ही गाडी तुमची नाही.

२०१४ पासूनची तिसरी पिढी, तीन सिलिंडरच्या १.५ लिटर इंजिनाची, बरीच निवांत आहे. मोठीही झाली आहे. जुने मिनीवाले नाक मुरडतात, ते मनावर घेऊ नये.

मिनीच्या अनेक गाड्यांना रनफ्लॅट टायर येतात. पंक्चर झालं तरी काही अंतर चालतात, म्हणून स्टेपनी दिलेलीच नसते. आणि त्यांची भिंत कडक असल्यामुळे प्रत्येक खड्डा कण्यापर्यंत पोहोचतो. साधे टायर घातलेली मिनी एकदा चालवून बघा, गाडी बदलल्यासारखी वाटते.

फियाट ५००: साधी असेल तितकी बरी

मूळ नुओव्हा ५०० बरोबर ४ जुलै १९५७ ला आली होती. ही पन्नास वर्षांनी, ४ जुलै २००७ ला तूरिनमध्ये आली. इथे माझं मत सरळ आहे: १.२ लिटर पेट्रोल आणि मॅन्युअल गिअर. ६९ हॉर्सपॉवर म्हणजे घाटात मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकायची तयारी ठेवावी लागते, पण इंजिन जुनं, सोपं आणि पारखलेलं आहे. टायमिंग बेल्ट वेळेवर बदला, विषय संपला.

दोन सिलिंडरचं ट्विनएअर २०१० मध्ये आलं, २०११ चा आंतरराष्ट्रीय इंजिन पुरस्कार घेऊन गेलं, आणि मालकांची दोन तटांत विभागणी करून बसलं. आवाज आवडणाऱ्यांना तो फार आवडतो. मायलेजचा जाहीर आकडा मात्र रस्त्यावर क्वचितच दिसतो, कारण टर्बोला सतत पळवावं लागतं. आणि हे इंजिन तेलाच्या बाबतीत सोवळं आहे: झडपा तेलाच्या दाबावर चालतात, चुकीचं किंवा जुनं तेल तिथे लगेच नडतं. १.३ मल्टीजेट डिझेल लांब पल्ल्याला उत्तम. रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर धुराचा फिल्टर तुंबत राहणार.

बाकी तक्रारी किरकोळ, पण सार्वत्रिक. बाहेरचे दरवाज्याचे हँडल बिजागरीपाशी तुटतात. डिकीकडे जाणाऱ्या वायरी रबरी नळीत वाकून-वाकून तुटतात, मग मागचा वायपर, डिकीचं लॉक किंवा नंबर प्लेटचा दिवा एकेक करून संप पुकारतो. बसायची जागा उंच आहे, आणि अनेक गाड्यांत स्टिअरिंग वर-खाली होतं पण पुढे-मागे होत नाही. उंच माणसाने निदान अर्धा तास चालवल्याशिवाय होकार देऊ नये. पाच मिनिटांत पाठ काही बोलत नाही.

सुरक्षेबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. २००७ मध्ये युरो एनकॅप या युरोपातल्या अपघात-चाचणीत हिला पाच तारे मिळाले होते, आणि २०१७ च्या चाचणीत तीन. गाडी मूळची तीच होती, मधल्या दहा वर्षांत कसोट्या कडक झाल्या.

न्यू बीटल: यांत्रिक भाग धड, आतलं सामान कच्चं

बीटलच्या मालकांच्या तक्रारी इंजिनाबद्दल कमी आणि बाकी सगळ्याबद्दल जास्त असतात. दाराची काच धरून ठेवणारी प्लॅस्टिकची क्लिप तुटते आणि काच धाडकन दारात पडते. छताचं कापड सुटून डोक्यावर लोंबतं. आतल्या प्लॅस्टिकवरचा मऊ लेप काही वर्षांनी चिकट होतो आणि नखाने निघतो. पुढच्या दिव्याचा बल्ब बदलायला अख्खा दिवा सरकवून बाहेर काढावा लागतो. डॅशबोर्डवरची फुलदाणी तेवढी कायम शाबूत.

यंत्राचं विचाराल तर १.९ टीडीआय डिझेल मॅन्युअल सर्वांत निर्धास्त. टायमिंग बेल्ट बदलताना पाण्याचा पंपही बदललाय का, हे विचाराच. पंप त्याच पट्ट्यावर फिरतो, आणि त्या काळच्या बऱ्याच पंपांचं आतलं चक्र प्लॅस्टिकचं होतं. पुढे बसणाऱ्याला पाय पसरायला ऐसपैस जागा आहे. मागे छत इतकं झुकलेलं की मोठ्या माणसाचं डोकं काचेला टेकतं. २०११ ते २०१९ मधली पुढची बीटल या बाबतीत सुधारली.

ऑटोमॅटिक हवी असेल तर

इथे तिन्ही गाड्यांची कहाणी जवळपास एकच आहे, आणि गाडी पसंत करण्यात सर्वांत मोठी चूक इथेच होते. पहिल्या पिढीच्या साध्या मिनीतला सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक), फियाटचा ड्युअलॉजिक, न्यू बीटलचा चार गिअरचा जुना ऑटोमॅटिक: तिन्ही टाळावेत. ड्युअलॉजिक तर खरा ऑटोमॅटिक नव्हेच. गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, फक्त क्लच आणि गिअर एक पंप हाताळतो. तो पंप दमला की गाडी चौकात न्यूट्रलमध्ये उभी.

याउलट दुसऱ्या पिढीच्या मिनीत, उशिराच्या न्यू बीटलमध्ये आणि उत्तर अमेरिकेत विकलेल्या ५०० मध्ये आयसिन या जपानी कंपनीचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक मिळतो. 'आयुष्यभर तेल बदलायला नको' या सल्ल्यावर चाललेला नसेल, तर तोच घ्यावा. गाडी पूर्ण तापल्यावर, हळू चालवताना गिअर बदलताना झटका बसतो का बघा.

सामान आणि मागची सीट

यावर फार शाई घालवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या पिढीच्या मिनीची डिकी १६० लिटर, ५०० ची १८५, बीटलची थोडी मोठी. मागे रोज माणसं बसणार असतील तर तिन्ही सोडा. रेट्रोच हवी आणि सामानही वाहायचं असेल, तर क्रायस्लर पीटी क्रूझर आहे. तिची मागची सीट काढून बाजूला ठेवता येते. सस्पेंशनचे पुढचे बुश झिजतात आणि इंजिनाभोवती हात घालायला जागा नसते, पण पाच माणसं खरोखर बसतात.

मग कोणती?

शहरात दोन माणसांसाठी, डोक्याला ताप नको: फियाट ५००, १.२, मॅन्युअल. महामार्गावर आरामात जायचं आहे, आतलं किरकोळ सामान स्वतः दुरुस्त करायला आवडतं: बीटल टीडीआय. वळणांवर चालवण्याचा आनंद हेच कारण असेल तर मिनी: २००४ च्या मध्यानंतरची पहिल्या पिढीची कूपर, किंवा एन१८ इंजिनाची कूपर एस. एन१४ स्वस्त मिळते, कारण विकणाऱ्याला सगळं ठाऊक असतं.

तिन्हींपैकी कुठलीही बघायला जाण्याआधी फोनवर सांगून ठेवा की इंजिन आम्ही आल्यावरच चालू करायचं. पोहोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं, तर परत या किंवा दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मागा; चेनचा खडखडाट थंड इंजिनाच्या पहिल्या काही सेकंदांतच ऐकू येतो, नंतर तो लपतो.