ऑनलाईन मागवलेलं 'आयएसआय' हेल्मेट: एक स्टार, तोही द्यावा लागतो म्हणून

लहान भाऊ रोज नाशकात सिडकोतून सातपूर एमआयडीसीत बाईकवर जातो, सेकंड शिफ्ट असली की रात्री उशिरा परत, म्हणून त्याच्यासाठी एका मोठ्या ऑनलाईन साईटवरून हेल्मेट मागवलं. नामांकित कंपनीचं नाव, बाजारात जे 1400 ला मिळतं ते 649 ला, रेटिंग पण चांगलं, त्यामुळे मला काही शंका आली नाही. दिसायला एकदम भारी. दोन आठवडे तो ते घालून फिरला, आता आठवलं तरी पोटात गोळा येतो.

झालं असं की आईने ओल्या फडक्याने पुसायला घेतलं आणि मागचा आयएसआयचा स्टिकर सोलूनच निघाला. मग मी नीट बघितलं. खऱ्या मार्कवर वरती आयएस 4151 (हेल्मेटच्या मानकाचा नंबर) आणि खाली सीएम/एल असं लिहून लायसन्स नंबर असतो, तो इथेही होता, पण आयएसआय मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बीआयएसच्या, 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला तर दुसऱ्याच कंपनीचं पाण्याच्या पाईपचं लायसन्स निघालं! आतलं कापड ओढून काढलं तर थर्माकोल जेमतेम बोटभर, तोही टीव्हीच्या खोक्यात येतो तसला भुसभुशीत, अंगठा दाबला की खड्डा. अहो डोकं वाचवतो तो हाच थर्माकोल, पडल्यावर तो दबतो आणि मार स्वतःवर घेतो, बाहेरचं कवच कितीही चकचकीत असलं तरी आत हे असेल तर काय उपयोग. पट्ट्याचं बक्कल लावून जोरात ओढलं, दुसऱ्या झटक्याला निसटलं. म्हणजे गाडी घसरली तर हेल्मेट एकीकडे आणि माणूस एकीकडे.

1 जून 2021 पासून आयएसआय नसलेलं टू-व्हीलरचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. त्याच वर्षी 15 ऑगस्टपासून नाशकात 'नो हेल्मेट नो पेट्रोल' सुरू झालं तेव्हा पंपापुरतं म्हणून कितीतरी जणांनी मिळेल ते डोक्यावर चढवलं, त्यातली किती आजही वापरात असतील देव जाणे.

सेलरकडे तक्रार केली तर सात दिवसांची रिटर्नची मुदत संपली म्हणे, साईटवाले म्हणतात आम्ही फक्त प्लॅटफॉर्म. शेवटी 1915 वर ग्राहक हेल्पलाईनला फोन करून फोटोंसकट तक्रार नोंदवली, मग नऊ दिवसांनी पैसे आले. पण ती लिस्टिंग काल रात्रीपर्यंत तशीच चालू होती, याचाच जास्त राग आहे.

दुसरं हेल्मेट दुकानात जाऊन घेतलं, दुकानदार काकांसमोरच नंबर ॲपमध्ये टाकून बघितला, पक्कं बिल घेतलं, 1350 गेले. जुनं भंगारवाला मागत होता, पण तसंच दिलं तर कुणीतरी पुसून परत डोक्यात घालेल, म्हणून आधी पट्टा कापला, हॅक्सॉने मधोमध दोन तुकडे केले आणि मगच दिलं.